रक्ताची माय हाडात राहते

त्या माणसाचा मला अजून राग येतो. मेलेल्यावर राग धरू नये असं आमच्या विहारात सांगतात. बाकी सांगितलेलं मी पाळतो, हे नाही पाळत. त्याच्या मयतीला मी गेलो, खांदा दिला, आणि खांदा देतानाही मनातून चिडलेलाच होतो.

डॉक्टर होता. पण डॉक्टर म्हटल्यावर जो माणूस डोळ्यासमोर येतो तो हा नव्हे. नाडी पाहत नव्हता, गोळी देत नव्हता. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात व्हरांड्याच्या टोकाला त्याची एक खोली होती, रक्त तपासायची. सुटीच्या दिवशी सायकलवर निघायचा. मागे कॅरियरला लाकडी पेटी, ट्यूबच्या रबरानं करकचून बांधलेली, आणि पेटीत दुर्बीण, बारकं मोठं दाखवणारी. सदऱ्याच्या खिशात लाल नखपॉलिशची बाटली. महाल भागातला बांगडीवाला एकदा हसून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, लग्न नाही केलं, मंग हे कोणासाठी जी?" हा म्हणाला, "रक्तासाठी. दोन बाटल्या दे. अन् दात नको दाखवू, हिरड्या पांढऱ्या हायेत तुह्या."

नखपॉलिश खरंच रक्तासाठीच होतं. काचेच्या पट्टीवर बोटाच्या रक्ताचा थेंब, त्यात औषधाचा थेंब, वरून पातळ काच, आणि त्या काचेच्या चारी कडा नखपॉलिशनं बंद. आत हवा जाऊ द्यायची नाही. हवा कोंडली की रोगी रक्तातले गोल दाणे गवत कापायच्या इळ्यासारखे वाकडे होतात. तेवढा वेळ हा दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा खायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पापणी खाली ओढून पाहायचा. आमच्या खापरखेड्याच्या पॉवरहाऊसच्या गेटवर मोठे इंजिनीअर साहेब उभे होते. सगळे सलाम करून राहिले, हा म्हणाला, "जीभ दाखवा." साहेबांनी दाखवली. मी कोळसा यार्डातला माणूस, आम्ही आठ दिवस त्यावर हसलो.

लोक विचारत, "डॉक्टरसाहेब, हे बरं होईल का?" तो म्हणे, "आज नाही." एवढंच. उद्याचं विचारलं की भडके. "उद्या काय माहा नोकर हाये, बोलावला अन् आला?"

पहिल्यांदा तो आमच्या वस्तीत आला तेव्हा मीच त्याला आडवा गेलो. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून मी कोणासमोर मान वाकवलेली नाही. यार्डातल्या मुकादमासमोरही नाही, म्हणून मुकादम कधी झालो नाही. आणि हा माणूस पेटी उतरवून भर चौकात सांगून राहिला की तुमच्या लोकांच्या रक्तात एक रोग आहे, बोटं पुढे करा.

मी म्हणालो, "आमच्याच काहून? बाकीच्या गावाचं रक्त काय दुधानं धुतलं हाये? आधी आमची सावली खराब होती, आता रक्त खराब झालं काय?"

माणसं जमली. कोणी पेटीला हात घातला. तो काही घाबरला नाही. म्हणाला, "तेल्यात हाये. कुणब्यात हाये. गोंडात हाये. माह्यात हाये." आणि सगळ्यांसमोर स्वतःच्याच बोटात सुई खुपसली, पट्टी केली, नखपॉलिश लावलं, आणि शेंगा खात बसला. अर्ध्या तासानं मला म्हणाला, "या, राजेसाहेब. पाहा."

मी एक डोळा मिटून पाहिलं. गोल दाणे होते, आणि त्यांच्यात वाकडे. बारीक बारीक इळे.

"हे माहं रक्त," तो म्हणाला. "मी अर्धा हाये. अर्ध्यानं माणूस मरत नाही. असे दोन अर्धे लग्नात एकत्र आले की पोट्टं पुरं होते, अन् पुरं झालं की मरते. म्हणून तुमचा पिच्छा पुरवून राहिलो. आता द्या बोट."

दिलं मी. तेव्हापासून मी त्याचा राजेसाहेब. मरेपर्यंत त्यानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

माझी धाकटी रंजना तेव्हा आठ वर्षांची होती. थंडी लागली की तिचे गुडघे सुजत, डोळे हळदीसारखे पिवळे होत, आणि ती अशी किंचाळे की शेजारी दार लावून घेत. आम्ही वात समजून तेल चोळत होतो. तिची पट्टी डॉक्टरनं पाहिली, पुन्हा पाहिली, मग म्हणाला, "पुरी हाये."

माझं अर्धं, बायकोचं अर्धं. मी दिलेलं, असं तो माझ्या तोंडावर म्हणाला. मी पोरीला उचललं आणि घरी आलो, महिनाभर त्याचं नाव घेऊ दिलं नाही.

थोरली कमल त्या दिवशी सावनेरला मावशीकडे होती, म्हणून वाचली. आल्यावरही मी तिचं बोट देऊ दिलं नाही. एका पोरीचं नाव वस्तीभर झालं, दुसरीचं कशाला करू? डॉक्टर आला की कमलनं मागच्या दारानं निघून जायचं, असा घरात कायदा केला.

महिन्यानं थंडी आली, रंजना लोळायला लागली, आणि मी पोरीला खांद्यावर टाकून त्याच्याच खोलीत गेलो. त्यानं रक्त चढवायची सोय केली. पोरगी उठून बसली, हसली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

एकदा वस्तीत लग्न होतं. डॉक्टरला बोलावलं होतं, आणि तो आला म्हणजे पंगतीचं व्याख्यान व्हायचंच. त्यानं मटणातली नळी उचलली, ताटावर ठोकली, आणि बाहेर पडलेला मगज बोटावर घेऊन पंगतीला दाखवला. "हे पाहून घ्या. रक्ताची माय इथी राहते. हाडात. रक्तातला दाणा न दाणा हिचं लेकरू. लेकरं मरतात, ही नवे जन्माले घालते. मरेस्तोवर." नवरदेवाच्या आत्यानं तोंडाला पदर लावला. मी मात्र जेवण सोडून त्याच्याकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत गेलो. म्हणालो, "मायच खराब आहे तर माय बदला."

त्यानं पेन ठेवला. "पॉवरहाऊसमध्ये असता न तुम्ही? मंग ऐका. आम्ही रक्त चढवतो म्हणजे बल्ब बदलतो. वीजच खराब येऊन राहिली तर बल्ब बदलून काय होते? पुन्हा जाते. पॉवरहाऊस बदलायले पाहिजे."

"मग बदला ना."

"जुनं पुरं बंद करावं लागते. औषधानं जाळावं लागते. नवं चालू होईपर्यंत गंज दिवस, आठवडेच्या आठवडे अंधार. त्या अंधारात साधी सर्दी आली तरी पोट्टी गेली. अन् नवं आणायचं कोणाकडून? सख्ख्या भावाबहिणीकडून, तेही जुळलं तर. नाही जुळलं तर ते आलेलं नवं घरधन्यालेच खाते. आतून. कातडी सोलून निघते."

"पण करतात ना कुठं?"

"करतात. बाहेर देशात. दुसऱ्या रोगासाठी, जिथं माणूस तसाही मरूनच राहिला. काही वाचतात."  टेबलाच्या खणात विलायती मासिकं होती, ती त्यानं काढली, पुन्हा आत टाकली. "आज नाही, राजेसाहेब."

पण मी त्याचे डोळे पाहिले होते. ती मासिकं हातात आली की त्याचं तोंड पोरासारखं व्हायचं. माझा राग तिथून सुरू होतो. नाही म्हणायचं तर डोळ्यांनीही नाही म्हणावं माणसानं.

मी काय केलं, तर सीताबर्डीवर एका लॉजमध्ये एक कोटवाला साहेब येऊन बसला होता, त्याच्याकडे रंजनाला नेलं. बकरीच्या पोटातल्या न जन्मलेल्या पिलाच्या जिवंत पेशी, म्हणाला, हाडात जाऊन नवं रक्त करतात. एक सुई टोचली, दुसरी काचेची कुपी घरी दिली, पुढच्या पुनवेला टोचा म्हणाला. रंजनाला सोबत घेऊन ती कुपी मी मोठ्या तोऱ्यात डॉक्टरसमोर ठेवली. तुम्ही आज नाही म्हणता, जग करून राहिलं.

त्यानं कुपीची मान मोडली, थेंब पट्टीवर टाकला, दुर्बिणीखाली ठेवला. "पाहा."

"काही दिसत नाही."

"पेशी कुठी गेल्या मंग? सुटीवर?" तो इतका जोरात ओरडला की व्हरांड्यातले लोक उठून उभे राहिले. "मिठाचं पाणी हाये बे! अन् मिठाचंच निघालं हे पोट्टीचं नशीब. काही जिवंत असतं त्यात, तर तिले जिती घेऊन आला असता काय आज इथी?"

मी मोडलेली कुपी उचलून खिशात घातली. त्यानं दुर्बीण पुसून झाकली. मग स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "तुम्ही दुसऱ्या लॉजमध्ये जाल. माहीत हाये मले. त्यापेक्षा थोरलीचं रक्त पाहू. जुळते का नाही, एवढं तर कळेल. मुंबईले माहा एक मित्र हाये, ते जुळवून पाहायचं काम करते."

आता इथं माझं ऐका. रंजना बारा वर्षांची झाली होती. कमलची सोयरीक भिवापूरला ठरली होती, मिरचीचा चांगला धंदा असलेल्या घरात. लग्नाला दीड महिना होता. त्या घरी कळलं की पोरगी रक्त तपासायला मोठ्या दवाखान्यात गेली, तर काय झालं असतं? आमच्यात अशी मोडलेली लग्नं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पत्रिका कोणी पाहत नव्हतं, पण डॉक्टरचं नाव निघालं की सोयरे उठून जात.

मी शेजारच्या घरची पोरगी उभी केली. कमलच्याच वयाची, तब्येतीनं दणकट. वस्तीतल्या तपासणीत तिचं रक्त एकदम गोल निघालं होतं, म्हणून तीच निवडली; तेव्हा ती लहान होती, चार वर्षांत इतकी वाढली की डॉक्टरनं ओळखली नाही. मला वाटलं, चांगलं रक्त दाखवलं की दोन्ही कामं होतील. कमलच्या नावावर चांगला कागद येईल, आणि डॉक्टर म्हणेल, रक्त झकास आहे, चला, पॉवरहाऊस बदलू. मग ऐन वेळेला खरी कमल उभी करू. सख्खी बहीण आहे, तिचं कसं बसणार नाही? जुळणं म्हणजे पास होणं नव्हे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

बायको नको म्हणाली. मी तिला गप्प केलं.

मुंबईवाल्यानं तीनच नळ्या मागितल्या होत्या. रंजनाची, बहिणीची, आणि आईबापांपैकी एकाची. मी छाती पुढे करून माझी दिली. डॉक्टरनं रजा टाकली, नळ्या बर्फाच्या थर्मासात घातल्या आणि स्वतः गाडीत बसून घेऊन गेला.

कमलचं लग्न झालं, ती भिवापूरला गेली. त्यानंतर डॉक्टरचा निरोप आला. मी आणि बायको गेलो. तो उभा होता. म्हणाला, "बाईले जरा बाहेर बसू द्या."

ज्या माणसानं भर लग्नात नवरदेवाच्या बापाला तुझं लिव्हर सडलं म्हणून सांगितलं होतं, तो आवाज खाली घेऊन बोलून राहिला होता. मी म्हणालो, "काहून? तिच्यासमोर बोला."

"बसू द्या न जी बाहेर."

"बोला म्हणतो ना!"

त्यानं चष्मा काढला. "थोरलीचं रंजनाशी काहीच जुळत नाही. ते होते, बहिणीबहिणींत होते. पण…" त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला. "तुमच्याशीही काहीच जुळत नाही, राजेसाहेब. बापाचं अर्धं तरी येतेच. तुमचं तिच्यात काही नाही."

मला सगळं माहीत होतं. ती पोरगी कोणाची ते मला माहीत होतं. तरी माझा हात उठला, आणि मी त्याच्या कानाखाली मारली. माझ्या बायकोवर तो घाण टाकून राहिला आहे असं ओरडलोही. खोटं सुटत असलं की माणूस हातानं धरू पाहतो.

तो पडला नाही. टेबलाला धरून उभा राहिला. बोलली माझी बायको.

"डॉक्टरसाहेब, ती माही कमल नव्हती जी. शेजारची पोट्टी होती. ह्यायनं उभी केली." मग माझ्याकडे वळली. तीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. "माह्या अंगावर चिखल पडून राहिला, अन् तुमी त्या भल्या माणसाले मारून राहिले? तोंड नाही काय तुमाले?"

डॉक्टर मोरीत गेला, तोंडावर पाणी मारून आला. आणि मग त्यानं जे तोंड उघडलं! "मी मुंबईपर्यंत थर्मास मांडीवर घेऊन बसलो! लघवीले उठलो नाही बे, कोणी धक्का मारंल म्हणून! शेजाऱ्याच्या पोट्टीचं रक्त सांभाळत!" नळ्यांचा रिकामा डबा त्यानं भिंतीवर आपटला. "चौकात मी माहं रक्त दाखवलं तुले. तू मले काय दाखवलं?"

दुसऱ्या दिवशी बायको भिवापूरच्या गाडीत बसली. मी म्हणालो, गेलीस तर परत येऊ नको. ती चप्पल घालत म्हणाली, "बरं." गेली, आणि व्याह्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. मी ज्याला भीत होतो ते काही झालं नाही. विहीण दोन दिवस रुसली एवढंच. जावई स्वतः कमलला घेऊन आला आणि डॉक्टरसमोर आपलंही बोट धरलं. "माहंही पाहा न जी." मिरची कुटणारा माणूस, बोटं तिखट. डॉक्टरनं त्याचा हात धरला, मग आपला डोळा चोळला, आणि पंधरा मिनिटं खोलीत नाचत होता. रक्त चढवून घेत पडलेली रंजना खाटेवरून म्हणाली, "काका, तुमची पापणी ओढू काय?" जावयाचं रक्त गोल निघालं. कमलचं अर्धं. म्हणजे त्यांच्या पोरांना भीती नव्हती.

पुन्हा थर्मास, पुन्हा रजा, पुन्हा गाडी. मी त्याच्याशी बोललो नाही, तोही माझ्याशी नाही.

आणि एका दुपारी तो नागपूरहून खापरखेड्याला सायकल मारत आला. उन्हात. कोळसा यार्डाच्या तारेपलीकडून ओरडला, "जुळलं! पुरं जुळलं बे, राजेसाहेब! जसं एकाच साच्यातून काढलं!" त्या दिवशी तो आमच्या घरी भाकर जेवला, दुसरी मागून घेतली. आज नाही हे शब्द त्याच्या तोंडून आले नाहीत. मी विचारलंही नाही. जुळलं म्हणजे झालं, असंच त्यानं आम्हाला वाटू दिलं. त्याला स्वतःलाही तसंच वाटलं होतं, हे मी आज सांगू शकतो, पण तेवढ्यानं माझा राग कमी होत नाही. त्याला जास्त कळत होतं.

त्यानं पत्रं लिहिली. मुंबईला, विलायतेला, अमेरिकेला. उत्तरं आली की आम्हाला समोर बसवून ओळ न ओळ मराठीत सांगायचा. सगळ्यांचं बोलणं सारखंच. पोरगी आज मरत नाही. हा उपाय तिला आज मारू शकतो. या रोगासाठी आम्ही कोणावर केलेला नाही. मुंबईवाल्यानं लिहिलं, आमच्याकडे तशी बंद खोलीसुद्धा अजून नाही.

मी म्हणालो, "मी सही देतो. जगली तर जगली, मेली तर मी बघून घेईन."

"तुमची सही नाही लागत, राजेसाहेब. तिचा जीव लागते. तो तुमचा नाही."

रंजना त्या वेळी पंधराची. सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "काका, ताईचं मला बसलं तर मी तिच्यासारखी चिडकी होईन काय?"

"रक्त चिडकं होईल. तू हायेस तशीच राहशील."

"मग आज नाही, तर किती दिवसांनी?"

त्याच्यावर कोणी हा प्रश्न टाकला की तो भडकायचा. तिच्यावर भडकला नाही. म्हणाला, "मले माहीत नाही वं, बेटा." आणि खिडकीकडे तोंड करून पट्ट्या पुसत बसला.

ती सतराव्या वर्षी गेली. थंडीत. या वेळी दुखणं गुडघ्यात नव्हतं, छातीत होतं. तीन दिवस डॉक्टर वॉर्डातून हलला नाही. रक्त चढवत राहिला, बल्ब बदलत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी काही बदलायला उरलं नव्हतं.

तिच्या पुण्यानुमोदनाला सगळे घरी आले. भंतेजींचं झालं, लोक उठले. डॉक्टर दाराशी जमिनीवर बसला होता, जेवला नव्हता. कमल त्याच्यासमोर जाऊन बसली. तिच्या मांडीवर तिचं सहा महिन्यांचं लेकरू होतं.

ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझ्या हाडातलं ते… रंजीला जुळलेलं… ते दुसऱ्या कोणाला चालेल काय? कोणाची पोरगी असेल. मी देते."

 मी त्याच्याकडे पाहत होतो. मनात म्हणत होतो, हो म्हण. एवढ्या एका दिवशी हो म्हण, हरामखोरा, तुझं काय जाते?

त्यानं वर पाहिलं. "नाही वं, बाई," तो म्हणाला. "ते तिच्याच मापाचं होतं."

कमलनं मान हलवली आणि लेकराला छातीशी घेतलं. तो भिंतीला धरून उठला, कोणाकडे न पाहता बाहेर गेला. मी आयुष्यात पाहिजे तेव्हा खोटं बोललो होतो. त्या दिवशी कमलला सांगायला माझ्याजवळही एक खोटं नव्हतं.